‘ता’ या चिनी क्रियापदाची नोंद: शब्दपुस्तिकेच्या कामातली टिपणं

४ मार्च २०२४, सूचौ

पुस्तिकेच्या यादीतला ‘ता’ मी मागून घेतला. नोकरीच्या निमित्ताने सूचौ-शांघायच्या पट्ट्यात येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आम्ही काही जणी ही शब्दपुस्तिका करतोय. रोजच्या वापरातला एक शब्द, त्याला दोन पानं, असं ठरलंय. बाकीच्यांनी भाज्या, नाती, पैसे असले विषय घेतले. मला हे क्रियापदच हवं होतं, कारण त्याच्यावाचून इथे एक दिवस निघत नाही. फोन करा, छत्री धरा, टॅक्सी बोलवा, कँटीनमध्ये ताट वाढून घ्या, इंजेक्शन घ्या, संध्याकाळी बॅडमिंटन खेळा, रात्री घोरा. सगळीकडे ‘ता’.

चिन्ह साधं आहे, पाच रेघांचं. डावीकडे हाताची खूण, उजवीकडे ‘तिंग’ हे चिन्ह. कोशात पहिला अर्थ ‘मारणे, ठोकणे’ आणि त्याखाली अर्थांची रांग. इथे प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘आधुनिक चिनी शब्दकोशा’त ती रांग विसाच्या पुढे जाते. आपल्या पुस्तिकेत अशी रांग नको, एवढं आजच ठरवलं. नवा माणूस ती पाहून पान उलटेल.

६ मार्च

आधी उच्चार. रोमन लिपीतलं चिनी वाचून आपली माणसं याला ‘दा’ किंवा ‘डा’ म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं, पण उच्चार तो नव्हे. हा आपला त-काराचा ‘ता’ आहे: घोष नाही, हकार नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या अर्थाचा चिनी शब्द मात्र ‘था’ आहे. त आणि थ मधला फरक मराठी मूल पाटीवरच शिकतं. तोच फरक इथे इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्यांना महिनोन् महिने छळतो. म्हणून पुस्तिकेत उच्चार देवनागरीतच द्यायचे, यावर मी अडून बसणार आहे. क-ख, च-छ, त-थ, प-फ या जोड्या चिनीला नेमक्या बसतात.

मग सूर. चिनीत प्रत्येक शब्द आवाजाच्या ठरलेल्या चढउतारात म्हणायचा असतो, असे चार सूर. ‘ता’चा सूर तिसरा, म्हणजे आवाज खाली नेऊन हलकेच वर घ्यायचा. पुढचा शब्दही तिसऱ्या सुराचा असेल, तर पहिला ‘ता’ चढतो आणि दुसऱ्या सुरासारखा ऐकू येतो. छत्री धरणे ‘ता सान’, झाडलोट करणे ‘ता साओ’, पाणी आणणे ‘ता ष्वेइ’, व्यत्यय आणणे ‘ता राओ’, या चारही ठिकाणी असंच होतं. शिवाय ‘ता’ला खरोखरचा दुसरा सूर दिला, तर तो वेगळाच शब्द होतो: डझन. ‘यी ता’ म्हणजे एक डझन. इंग्रजीतून आलेला शब्द, लिहायला तेच चिन्ह. पुस्तिकेत एका ओळीत उरकायचं.

११ मार्च

दिवसभर कान उघडे ठेवून जोड्या टिपल्या. कँटीनमध्ये ‘ता फान’: ताट पुढे करून भात-भाजी वाढून घेणे. गरम पाण्याच्या नळाशी ‘ता ष्वेइ’. लिफ्टमध्ये कोणी तरी मुलाला सांगत होतं, काकांना ‘ता चाओ-हु’ कर. ओळखीच्या माणसाला पाहून दोन शब्द बोलणे, एवढंच. पण ऑफिसात हीच जोडी दुसऱ्या अर्थाने येते. ‘आधी ता चाओ-हु करायचं होतं’ म्हणजे आधी कानावर घालायचं होतं. इथे न सांगता रजा टाकली की लोक दुखावतात ते रजेपेक्षा या न सांगण्यामुळे. या जोडीला जास्त जागा द्यावी लागेल.

१९ मार्च

आज जे वाचलं त्याने कामाला दिशा मिळाली, म्हणून सविस्तर.

ओउयांग श्यौ (१००७–१०७२) हे सुंग राजवटीतले थोर गद्यलेखक, इतिहासकार आणि दरबारातले मोठे अधिकारी. त्यांच्या ‘क्वेइ-थ्येन-लू’ या टिपणवहीत याच शब्दाविषयी चांगली लांबलचक तक्रार आहे. त्यांचं म्हणणं असं: आजच्या बोलण्यात अडाण्यापासून विद्वानापर्यंत सगळे मिळून एकच चूक करतात, ती ‘ता’ची. मूळ अर्थ ठोकणे. माणसं मारामारी करतात तिथे ‘ता’ ठीक. सोनार सोन्याचांदीचं भांडं घडवतो तिथेही चालेल, कारण हातोडी असते. पण नाव बांधली, गाडी बांधली तरी ‘ता’? जाळ्याने मासे धरले, विहिरीतून पाणी काढलं, मजुरांना जेवण दिलं, सैनिकांना कपडे-धान्य वाटलं, नोकराने छत्री धरली, खळीने कागद चिकटवला, काठीने जमीन मोजली, सगळ्याला ‘ता’? आणि कोश धुंडाळले तर तिथे या रूपात हा शब्दच नाही.

साडेनऊशे वर्षांपूर्वीची ही यादी मी माझ्या परवाच्या यादीशेजारी ठेवली. पाणी, जेवण, छत्री, मासे, चारही जोड्या जशाच्या तशा. ज्या वापराला त्यांनी चूक म्हटलं, तोच आज कँटीनमधली ताई रोज करते. दोन जोड्या मात्र सरकल्या आहेत. ‘ता छ’ तेव्हा गाडी बांधणे होतं, आज टॅक्सी बोलावणे आहे. ‘ता ल्यांग’ तेव्हा जमीन मोजणे, आज एखाद्याला आपादमस्तक न्याहाळणे. दुसरीला मराठी अगदी तयार आहे: नजरेने माप घेणे.

या यादीतून मला हवी असलेली गोष्ट सापडली. ‘ता’ला अर्थ शोधत बसण्यात वेळ जातो. अर्थ पुढच्या नामात असतो. ‘ता’ फक्त सांगतो की त्या वस्तूशी जे करायचं असतं ते केलं. छत्रीचं जे करतात, पाण्याचं जे करतात, फोनचं जे करतात, ते. तेव्हा नोंद जोड्यांचीच हवी. सुटा ‘ता’ पाठ करायला द्यायचाच नाही.

२० मार्च

कालच्या उताऱ्यात शेवटी उच्चाराबद्दलही आहे. चिन्हातलं ‘तिंग’ हा ठोकल्याचा आवाज, तेव्हा जुना उच्चार अनुनासिक असायला हवा. तो ‘ता’ कसा झाला कळत नाही, असं ओउयांग म्हणतात. आज शेजारच्या मावशींना (इथे त्यांना ‘आ-यी’ म्हणायचं) सूचौच्या बोलीत ‘फोन कर’ म्हणायला सांगितलं. स्वच्छ ‘ताँ’ आला, नाकातून. मी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना माझं नवल वाटलं, मला त्यांचं. शांघाय आणि सूचौच्या वू बोलीत तो नाकातला स्वर अजून टिकून आहे आणि प्रमाण चिनीत गेला. नव्या माणसाला याचा उपयोग एवढाच, की बाजारात म्हाताऱ्या माणसांचा ‘ताँ’ ऐकला तर वेगळा शब्द समजू नये. पण ही ओळ मी ठेवणार.

२ एप्रिल

ओउयांग यांच्यानंतर या शब्दाच्या मागे लागलेला माणूस आमच्या जवळचाच निघाला. ल्यौ पाननुंग, जन्म १८९१, च्यांगयिनचे. भाषाशास्त्रज्ञ आणि कवी. चिनीत ‘ती’ साठी वेगळं चिन्ह रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात. १९२६ साली त्यांनी ‘ता’च्या जोड्या गोळा करायला घेतल्या आणि वैतागून या चिन्हाला ‘हुनतान’ म्हटलं. ती इथली शिवीच आहे, ‘बदमाश’ अशा अर्थाची. कुठेही घुसतो आणि हाती लागत नाही, असा त्यांचा राग. तरी ते जमवत राहिले आणि पुढे तो आकडा आठ हजारांवर गेला. १९३४ मध्ये बोलींच्या अभ्यासासाठी उत्तरेत फिरताना जडलेल्या तापाने ते गेले.

छन वांगताओ यांना ती शिवी पटली नव्हती. (कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा पहिला संपूर्ण चिनी अनुवाद करणारे ते हेच, १९२० साली.) त्यांनी जोड्यांचे प्रकार पाडून दाखवले. माझं मत त्यांच्या बाजूने. जो शब्द एवढ्या लोकांना एवढी शतकं न अडखळता वापरता येतो, त्यात रीत असणारच. मात्र आठ हजारांतून दोन पानांत काय घ्यायचं, हा निवाडा मलाच करायचा आहे.

९ एप्रिल

मराठीचा आधार कुठे घ्यावा आणि कुठे सोडावा, यावर आजचा दिवस. आपलं ‘मारणे’ हेही हातातलं काम सोडून भलतीकडे फिरलेलं क्रियापद आहे, त्यामुळे मराठी माणसाला ‘ता’चं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

काही जोड्या तर अगदी जुळतात. गाठ मारणे ‘ता च्ये’. सायकलमध्ये हवा मारणे ‘ता छी’. लाकडाला, फरशीला पॉलिश मारणे ‘ता ला’. मासेमारी ‘ता यू’. झाडू मारणे ‘ता साओ’. डुलकी मारणे ‘ता ख-ष्वेइ’. आपण पत्ते कुटतो, ते ‘ता फाय’ म्हणतात. या सात जोड्या पहिल्या पानावर वर घ्यायच्या. पाठ कराव्या लागणारच नाहीत.

पण लगेच खाली धोक्याची ओळ. उडी, मिठी, थाप, गप्पा या मराठीत मारायच्या गोष्टी आहेत, चिनीत यातल्या एकीलाही ‘ता’ लागत नाही. त्यांना स्वतंत्र क्रियापदं आहेत. आणि आपण दाराला कुलूप मारतो तेव्हा दार बंद होतं. ‘ता खाय’ म्हणजे मात्र उघडणे. दार, खिडकी, डबा, दिवा, मोबाइलमधलं ॲप, सगळं ‘ता खाय’.

खेळांना एक चांगला नियम आहे. हाताने खेळायचा चेंडू असेल तर ‘ता’: बॅडमिंटन, टेबल टेनिस, बास्केटबॉल. फुटबॉलला ‘थी’, म्हणजे लाथ मारणे. चिन्हातली हाताची खूण इथे अजून काम करते. मोबाइलवरच्या खेळालाही ‘ता’ आणि ताय-चीलाही ‘ता’. बुद्धिबळाला मात्र ‘श्या’. माझ्या भाच्याने लगेच विचारलं, क्रिकेटला काय? बॅट आणि चेंडू दोन्ही हातात, ‘ता’च.

१५ एप्रिल

हाताचा नियम जिथे लागत नाही त्या जोड्या: शिंकणे ‘ता फन-थी’, जांभई देणे ‘ता हा-छ्येन’, ढेकर किंवा उचकी ‘ता क’, घोरणे ‘ता हू-लु’, आकाशात गडगडणे ‘ता लेइ’. शरीर किंवा आभाळ आपोआप दणका देतं, तिथे ‘ता’.

आपल्या माणसाची अडचण इथे वेगळीच आहे. मराठीत शिंक ‘येते’, ढेकर ‘येतो’, उचकी ‘लागते’. माणूस त्यात कर्ता नसतो, ‘मला’ असतो. चिनीत माणूस सरळ कर्ता: मी शिंक ‘ता’ केली. ‘मला शिंक आली’ची चिनी जुळवाजुळव करत बसलं की वाक्य अडतं. ‘वो’, म्हणजे मी, पुढे ‘ता’, पुढे शिंक, संपलं. व्याकरणाची एवढी एकच गोष्ट या नोंदीत घ्यायची, ती हीच.

२७ एप्रिल

एक मेच्या सुट्ट्यांआधी दुकानांवर सवलतीच्या पाट्या लागल्या. ‘ता च’ म्हणजे सवलत देणे, आणि ही जोडी पैशाची असल्यामुळे नीट समजून घ्यायलाच हवी. पाटीवर ‘८ च’ असेल तर ते ८० टक्के सूट नव्हे. किमतीचे ८० टक्के आपण द्यायचे, सूट २० टक्के. ‘७५ च’ म्हणजे ७५ टक्के द्यायचे. ‘३ च’ दिसलं तर खरंच स्वस्त. आकडा जितका लहान, तितका माल स्वस्त. आज एका चपलांच्या दुकानाबाहेर उभी राहून पाटीचा फोटो घेतला: २०० युआन, ‘ता ६ च’. द्यायचे १२०. हाच फोटो नोंदीत छापू.

हॉटेलात उरलेलं बांधून घेणे ‘ता पाओ’, आपलं पार्सल. संकोच नको, सगळे करतात. जेवण मागवतानाच म्हटलं तर घरी न्यायला बांधून देतात.

६ मे

फोनची जोडी. ‘ता त्येन-ह्वा’, फोन करणे. कोणाला, ते ‘केइ’ने आधी सांगायचं: ‘केइ वो ता त्येन-ह्वा’, मला फोन कर. बोलताना ‘त्येन-ह्वा’ गाळतात, तेवढं चालतं: ‘वो केइ नी ता’, मी तुला लावते. पण ‘केइ’ गाळून ‘वो ता नी’ म्हटलं तर अर्थ उरतो एकच: मी तुला मारते. ‘ता’च्या लगेच पुढे माणूस आला की मूळ ठोकण्याचा अर्थ जागा होतो. हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत.

इंजेक्शनला, ‘ता चन’ला, हाच ‘केइ’. नर्स मला देते ते ‘केइ वो ता चन’. मी घ्यायला जाते तेही ‘ता चन’. देणारा आणि घेणारा दोघांना एकच शब्द. लहान मुलं असलेल्या घरांना लसीकरणाच्या दिवशी हे लागतं.

१४ मे

नव्याने आलेल्या एका जोडप्याला कच्ची नोंद वाचायला दिली. वहिनींचा अभिप्राय कामाचा होता: जोड्या अर्थाप्रमाणे लावल्यात, पण मी घराबाहेर पडते तेव्हा अर्थाप्रमाणे पडत नाही. बरोबर आहे. आता मांडणी जागेप्रमाणे: रस्ता, दुकान, कँटीन, दवाखाना, घर, मैदान. त्या स्वतः नोंद हातात घेऊन खाली गेल्या आणि रखवालदाराला ‘ता थिंग’ (जरा विचारायचं होतं) म्हणून कुरियरचं कपाट कुठे आहे ते विचारून आल्या.

२३ मे

उरलेल्या, पण ऐकू येणाऱ्याच अशा जोड्या.

‘ता च्यांग-यौ’: सोयासॉस आणणे. पूर्वी सोयासॉस सुटा मिळायचा, घरची बाटली घेऊन जायचं आणि मापाने भरून आणायचा. मूल बऱ्यापैकी मोठं झालं हे सांगायला अजून म्हणतात, ‘सोयासॉस आणायला जाण्याएवढा झाला’. २००८ साली क्वांगचौमध्ये रस्त्यावरच्या एका माणसाला वार्ताहराने गाजत असलेल्या प्रकरणावर मत विचारलं. तो म्हणाला, माझा काय संबंध, मी सोयासॉस आणायला निघालोय. तेव्हापासून ‘माझा यात काही संबंध नाही, मी आपला वाटेने चाललोय’ या अर्थाने ही जोडी देशभर रुळली. ही ठेवायची, ऑफिसात हमखास ऐकू येते.

‘ता खा’: कामावर हजेरीचं कार्ड लावणे. आता प्रसिद्ध ठिकाणी जाऊन फोटो टाकण्यालाही हेच.

‘ता कुंग’: मोलाने काम करणे. कँटनी बोलीतून आलेला आणि दक्षिणेत कारखान्यांत कामाला गेलेल्या खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींबरोबर देशभर पसरलेला शब्द. २०२० मध्ये पगारदार माणसं स्वतःला सरसकट ‘ता-कुंग-रन’ म्हणू लागली. टिपेत एवढं लिहायचं: स्वतःबद्दल खुशाल म्हणा, दुसऱ्याच्या नोकरीबद्दल जपून.

बीजिंगकडे ‘ता’ शब्दयोगी अव्ययासारखाही येतो, ‘पासून, कडून’ या अर्थाने: आपण ‘ता नार’ आलात, म्हणजे कुठून? इथे तो ऐकू येत नाही. सोडला.

म्हणींपैकी एकच घेतली: तीन दिवस मासेमारी, दोन दिवस जाळी वाळवणे. नेटाने काम न करणाऱ्याला म्हणतात. ‘तोंड मारून सुजवायचं आणि जाडजूड असल्याचा आव आणायचा’ हीही फार आवडती, ऐपत नसताना बडेजाव करणाऱ्यासाठी, पण जागा नाही.

१७ जून

पावसाळा लागला. इथे त्याला ‘मेइ यू’ म्हणतात, प्लमच्या फळांच्या दिवसांतला पाऊस. दिवसभर ‘ता सान’. फाटकाशी मावशींनी माझ्या हातातली बंद छत्री पाहिली आणि ‘ताँ’ असा नाकातूनच दटावणीचा सूर लावला. संध्याकाळी गल्लीतल्या दुकानावर पाटी होती, ‘ता यांग’: दुकान बंद झालं. ही जोडी मूळची या च्यांगनान भागाचीच, म्हणजे यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याची. दुकानांच्या गटात घातली.

२ जुलै

पक्की नोंद छपाईला गेली. पहिल्या पानाचा वरचा भाग असा:

ता (तिसरा सूर, त जसा मराठीत). एकटा शिकू नका, पुढच्या शब्दासकट शिका. रस्ता: ता छ, टॅक्सी बोलावणे, ता सान, छत्री धरणे, ता थिंग, चौकशी करणे. दुकान: ता च, सवलत (८ च म्हणजे ८० टक्के भरा), ता पाओ, बांधून घेणे, ता यांग, दुकान बंद. घर: ता साओ, झाडलोट, ता खाय, उघडणे, ता चाओ-हु, दोन शब्द बोलणे, आधी कानावर घालणे. दवाखाना: ता चन, इंजेक्शन, ता फन-थी, शिंकणे. फोन: केइ वो ता त्येन-ह्वा, मला फोन करा. ‘ता’पुढे थेट माणूस नको; तो अर्थ मारण्याचा होतो. कोणाच्या घरून निघताना: ता राओ ल, आपल्याला तसदी दिली.

ध्वनिमुद्रण बाकी आहे. प्रमाण उच्चार सहकारी मैत्रीण देणार. सूचौचा ‘ताँ’ द्यायला मावशी तयार आहेत, फक्त दुपारचा मा-च्यांग हा सोंगट्यांचा खेळ आटोपल्यावर. ते खेळणं अर्थात ‘ता’च, आणि मैदानाच्या गटात ते राहून गेलं होतं. मुद्रितात घालून घेतलं.